डोंगराळ तालुक्यांची सागरी स्वारी

रायगड जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा, आणि ते एका जलदुर्गाचे. त्यामुळे 1 जानेवारी 1981 रोजी ते बदलेपर्यंत कर्जत व खालापूर या तालुक्यांतील जो खातेदार भाताच्या खाचरापलीकडे जलाशय जाणत नव्हता, तोही सरकारदप्तरी समुद्रकाठच्या जिल्ह्याचाच रहिवासी म्हणून जगला आणि वारला. प्रत्यक्षात समुद्र लाभला तो आमच्या नद्यांना. खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पाताळगंगेवाटे विनासायास धरमतरच्या खाडीस मिळते, आणि कर्जतची उल्हास, शेजारच्या तालुक्याचे अनुकरण करण्यात अब्रूची हानी आहे असे समजूनच की काय, कल्याणचा वळसा घेऊन वसईकडे निघून जाते.

मनुष्यांची सोय बरीच उशिरा झाली. 17 फेब्रुवारी 2022 रोजी बेलापूरच्या जेट्टीचे आणि जलटॅक्सीचे उद्घाटन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे, म्हणजे पायाला पाणी लागू न देता, केले. वेगवान नौकेचे भाडे तेव्हा 800 ते 1200 रुपये जाहीर झाले होते. ते ऐकून खालापूरच्या कचेरीतून निवृत्त झालेले आमचे स्नेही अव्वल कारकून एवढेच म्हणाले, की आपल्या नोकरीच्या आरंभी एवढ्या रकमेत चौकाजवळ जमीन मिळत असे, आणि ती हलत नसे.

तरीही स्वारी निघाली, आणि मुक्काम ठरला घारापुरी. कारण ते बेट उरण तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात मोडते, आणि स्वतःच्या जिल्ह्यातील गावी पोहोचण्यासाठी ठाणे जिल्ह्याची हद्द ओलांडून समुद्रात उतरावे लागते, या गोष्टीत अव्वल कारकुनांना प्रशासकीय सौंदर्य दिसले.

बेलापूरला नौका होती, खलाशी होता, आम्हीही होतो. खाडीत पाणी तेवढे नव्हते. कर्जतचा मनुष्य वेळापत्रकावर पोसलेला असतो. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडली जात असताना तो आपले घड्याळ लावून घेतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिराने येते आणि त्याबद्दल कोणासही जाब देत नाही, हे खलाशाने समजावले तेव्हा अव्वल कारकुनांच्या चेहऱ्यावर एखाद्या तलाठ्याची गैरहजेरी नोंदवण्याची कळा आली. पुढे नौका सुटली, आणि तिच्या वेगापुढे मंडळींचे संभाषण प्रथम त्रुटित, मग धार्मिक झाले.

घारापुरीच्या धक्क्यावर एक चिमुकली आगगाडी उभी असते. आमच्यापैकी नेरळचे गृहस्थ तिच्याकडे जहागीरदाराने कुळाकडे पाहावे तसे पाहत राहिले. 1907 पासून माथेरानचा डोंगर चढणाऱ्या गाडीच्या गावच्या माणसाने सपाटीवर धावणारीत बसावे कसे? पायऱ्या सुमारे 120. राजमाची आणि पेठचा किल्ला पायांखाली घातलेल्या मंडळींनी त्या अशा तुच्छतेने चढल्या, की वर पोहोचल्यावर दम लागल्याचे कोणी कोणास सांगितले नाही. त्रिमुखी सदाशिवासमोर मात्र सगळेच गप्प झाले, आणि ते दमामुळे नव्हे.

तोफांच्या टेकडीवरून मुंबई इतकी जवळ दिसते, की खोपोलीच्या माणसाला एक जुनी रुखरुख लागावी. आमच्या पाण्यावर 1915 साली मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. त्या मुंबईच्या डोळ्यांसमोरील या बेटावरची राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे मात्र समुद्राखालून केबल येईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी 2018 पर्यंत, जनित्राच्या मेहेरबानीवर राहिली. लेण्यांपुढे रांगा लावणाऱ्या प्रवाशांपैकी मोराबंदरला फारसे कोणी जात नाही. आम्ही गेलो.

तेथे एका ओटीवर बसलेल्या आजीबाईंनी विचारले, "कंच्या गावचं तुम्ही?"

"कर्जत-खालापूर," अव्वल कारकून अभिमानाने म्हणाले. "तुमच्याच जिल्ह्याचे."

"म्हंजे घाटावरचं!"

पुण्याच्या मनुष्याने आम्हांस कोकणे म्हणावे आणि ते आम्ही मुकाट्याने मान्य करावे, असा रिवाज आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक लखोट्यावर 'कोकण विभाग' लिहिले, त्यांना हा घाव असह्य झाला. घाटाचा माथा कोठे, पायथा कोठे, आणि महसुली हद्द त्या दोहोंमधून कशी जाते, याचे निवेदन त्यांनी उभ्यानेच सुरू केले. आजीबाईंनी ते थोडा वेळ सहानुभूतीने ऐकले आणि आत वळून सुनेला हाक मारली, "पानी आन गो. घाटावरच्या मान्सांना बोट लागते."