निळ्या रेषेच्या आतली बाग

आमच्या गावाला बाग मिळाली ती नदीच्या कृपेने. ग्रामपंचायतीचा वाटा त्यानंतरचा. पाटबंधारे खात्याने कृष्णेच्या काठाने दोन रेषा आखून दिल्या आहेत. साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी, आणि १०० वर्षांत एकदा येणारा जिथवर पोचेल ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, दुकान टाकायचं नाही, गोदाम काढायचं नाही. शेती करा, मैदान करा, बाग करा. थोडक्यात, जिथे काहीच करायला परवानगी नाही तिथे मौज करायला आहे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात विनोद नसणार, पण आमच्या गावाने तो तसाच घेतला.

पैशाचंही तसंच झालं. पंधराव्या वित्त आयोगाचे जे पैसे थेट ग्रामपंचायतीकडे आले, त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्या पैशांवर प्रत्येक गल्लीचा डोळा. वरच्या गल्लीला गटार हवं, खालच्या गल्लीला पेव्हर ब्लॉक हवेत, मधली गल्ली दोन्हींच्या विरोधात. शेवटी बाग मंजूर झाली, कारण ती कुणाच्याच गल्लीत नव्हती.

घाटाच्या खालच्या अंगाला, जिथे उकिरडे होते आणि दुपारी म्हशी बसायच्या, तिथे ती उभी राहिली. नुकतंच ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालेलं असल्यामुळे गावातले सगळे निकामी टायर निळे-पिवळे होऊन तिथे अर्धे पुरले गेले. ओपन जिम आली. चार बाकं आली. प्रत्येक बाकाच्या पाठीवर ते कुणाच्या निधीतून आलं हे इतक्या ठळक अक्षरांत लिहिलंय, की बसणारा माणूस म्हणजे आपण मजकुरावर रेललोय अशा संकोचात बसतो. नदीकडे पाठ करून एक सेल्फी पॉइंटही आला, गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेला. २०२१ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, मोजक्या माणसांत, तोंडाला मास्क लावून उद्घाटन झालं आणि नारळाच्या शेंड्या पायरीवर तशाच सोडून मंडळी चहाला गेली.

एका कोपऱ्याला ‘नाना-नानी पार्क’ अशी वेगळी पाटी आहे. तिथे आजवर एकही नाना बसलेला पाहिला नाही. गावातले सगळे नाना एसटी स्टँडसमोरच्या विकास सोसायटीच्या पायऱ्यांवर असतात. सकाळी दूध घालून झालं की तिथे जी बैठक बसते ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत हलत नाही. एकदा एका आबांना म्हटलं, तिकडे बागेत सावली आहे, बाकं आहेत, इथे कशाला धुरळ्यात बसता? आबांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

“बागंत बसून बघायचं काय? झाडंच की. ती रानात हायतच.”

बिनतोड. शहरातला माणूस माणसांना कंटाळून झाडं बघायला जातो. आबांचा अख्खा जन्म झाडाझुडपांत गेलेला, त्यांना आता माणसं बघायची आहेत. सांगलीच्या गाडीतून कोण उतरलं, कुणाच्या हातात पिशवी आहे, कुणाची सून एकटीच माहेराहून आली, उसाला दर काय निघाला. ही करमणूक बागेत कुठून मिळणार?

पोरांचं म्हणाल तर त्यांना नदी होती. होती म्हणायचं कारण मगर. भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्या मळीच्या कडेला ऊन खात पडतात. तोंड उघडं टाकून, गावातला सगळा निधी आपल्याच नावावर जमा असल्यागत. आमच्या पिढीला पोहायला शिकवलं ते कमरेला वाळका भोपळा नाहीतर पांगिऱ्याचा बिंडा बांधून. घाटाच्या पायरीवर उभं करायचं आणि मागून काकाने ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. जो नाकातोंडात पाणी जाऊन वर आला तो पास. मग सूर, मग मुटका, आणि ज्याचा मुटका घाटावरच्या बायकांच्या धुण्यापर्यंत शिंतोडे उडवी त्याला त्या दिवशीचा मान आणि त्या बायकांच्या शिव्या. आता त्याच पायरीजवळ मगरींपासून सावध राहण्याची पाटी आहे. पोरं पोहायला विहिरीवर जातात, आणि बागेत क्रिकेट खेळतात. तिथला नियम असा की चेंडू टायरला लागला तर चौकार, सेल्फी पॉइंटला लागला तर षटकार, आणि नदीत गेला तर आऊट. शिवाय चेंडूची भरपाई. मगरीकडून चेंडू मागायला कोण जाणार?

पोरांना जिमचं कौतुक पहिले आठ दिवस होतं. व्यायामाची आमच्याकडे कधी वाण नव्हती. तालमीतली लाल माती, हौदात घुमणं, जोर-बैठका, मग खुराक. याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून कुस्तीचं सुवर्णपदक घेऊन आले, ते काही नुसत्या हवेत पाय हलवून नव्हे. त्यामुळे जिममधल्या त्या एकाजागी चालायच्या यंत्रावर चढलेल्या तरण्या पोराकडे जुने पैलवान असं बघतात की तो मुकाट्याने उतरतो.

तर उद्घाटनाला दोन महिनेही झाले नसतील, जुलैत पाणी आलं.

नदीकाठच्या गावाची सगळ्यात जुनी मैदानी करमणूक कोणती, तर पाणी बघायला जाणं. बाहेरच्या माणसाला हे निर्दयपणाचं वाटेल, पण पूर गावात शिरण्याआधीचे दोन-तीन दिवस ही एक जत्राच असते. जो तो काठाशी काठी रोवून खूण करतो आणि तासाभराने पुन्हा येऊन बघतो. खूण बुडाली की ‘चढतंय’. उघडी पडली की ‘वसरलं’, आणि मग जरा हिरमुसल्यासारखं. या दिवसांत गावात रामराम कुणी घालत नाही. पहिला प्रश्न, “आयर्विनला किती?” सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोराला पाढ्यांआधी येतं. दुसरा प्रश्न, “कोयनेतनं किती सोडलं?” याचं उत्तर क्युसेकमध्ये द्यावं लागतं, आणि ज्याला घरातल्या टाकीत किती लिटर मावतं ते ठाऊक नाही तो ते बिनचूक देतो. तिसरा प्रश्न अलमट्टीचा. तिथे मात्र गावाचे दोन तट पडतात आणि आवाज चढतात. तेवढ्यात पाणीही चढतं.

२०१९ ला आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा ही करमणूक साफ उतरली होती. जनावरं, धान्य, सोन्यासारखी माणसं; त्याबद्दल इथे लिहीत नाही. २१ साली पाणी ५० च्या वर गेलं, पण गाव शहाणं झालं होतं, वेळेत हललं. परत आलो तेव्हा बागेच्या जागी गुळगुळीत तपकिरी गाळ होता आणि त्यातून ओपन जिमचे दांडे तेवढे वर आलेले. बाकांवरची नावं गाळाने पुसून काढली होती. पुढे ती रंगवताना निधी देणाऱ्यांचा क्रम कसा लावायचा यावरून पुन्हा बैठक झाली.

बागेचा खरा शुभारंभ त्यानंतर झाला असं मी धरतो. त्या वर्षी नवरात्राच्या आधी बायकांनी दसरा काढला. घट बसायच्या आत घरातलं प्रत्येक फडकं धुऊन काढायचं, ही आमच्याकडे पुराहून मोठी मोहीम. सगळ्या गल्लीच्या गोधड्या, वाकळा, घोंगडी, पडदे, उशांचे अभ्रे नदीवर. गोधडी पाण्यात भिजली की एकीला पेलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलट्या दिशांना पिळत जायचं, की मधोमध तिचा दोर होऊन पाणी ठिबकतं, आणि पिळता पिळता गोधडी कुणाकुणाच्या लुगड्यांची शिवलीय त्याचा इतिहास निघतो. बरोबर भाकरी, ठेचा, कांदा. दुपारी जेवण घाटावर. पूर्वी या गोधड्या मळीत नाहीतर बाभळींवर पडायच्या आणि काट्यांसकट घरी यायच्या. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि बागेतल्या जिमच्या दांड्यांवर, घसरगुंडीवर, बदामावर वाकळा चढल्या. इंच न इंच वापरात असलेली अशी बाग मी दुसरी पाहिली नाही.

त्या निमित्ताने बायकांचे पाय तिकडे वळले, ते वळलेच.

घाटाच्या आठवणी काढून गळा दाटणारे आम्ही सगळे पुरुष, याची मला गंमत वाटते. सूर आम्ही मारले, काठावर तास आम्ही घालवले. आमच्या गावात बाईने नदीवर जायचं ते हातात काहीतरी घेऊन. धुणं, घागर, घासायची भांडी, गौरी आणायच्या दिवशी ताम्हन. रिकाम्या हाताने नदीकडे निघालेली बाई दिसली की गावाला घोर लागायचा; कुणीतरी गुपचूप तिच्या मागोमाग एखादं पोरगं धाडायचं. पुढे घरोघरी नळ आले, धुणं घरात आलं, आणि नदीवर रोज जायचं कारणच संपलं.

आता कारण आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तालुक्याच्या दवाखान्यातून शुगरचा रिपोर्ट घेऊन आलेली पहिली बाई तोंड पाडून आली असेल, पण तिने पुढच्यांचा रस्ता मोकळा केला. सासूला ‘जरा फिरून येते’ म्हणायची छाती कुठल्याही सुधारकाने दिली नसती ती साखरेने दिली. पहाटे दिसायला लागायच्या आत बागेत बायका असतात. नऊवारीचा नाहीतर सहावारीचा ओचा वर खोचलेला, पायात नातवाचे शाळेचे पांढरे बूट, कानाला मफलर. पुरुषांनी टाकलेली ती यंत्रं त्यांनी वाटून घेतली आहेत. एकाजागी चालायच्या यंत्रावर दोघी समोरासमोर, गप्पा पुऱ्या होईतो उतरायचं नाही असा ठराव. कमर फिरवायच्या चकतीवर आमची शेजारची आक्का उभी राहते आणि दर फेऱ्याला तिची नजर अख्ख्या गावावरून जाते. तिला विचारलं, काही फरक पडला का?

“साखर हाय तेवढीच हाय,” ती म्हणाली. “पण घरची चार वाजल्यापास्नं नीट बोलत्यात. बाई फिराया गेली की च्या आपला आपण करून पित्यात.”

काहीजणी तर, मला दाट संशय आहे, पूर्ण निरोगी आहेत.

झोपाळ्याचा प्रश्न तेवढा राहिला होता. लहान मुलांचा म्हणून जो आलाय त्याच्या खांबावर ‘फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पत्र्याची पाटी आहे. मुलं दिवसा शाळेत आणि संध्याकाळी क्रिकेटमध्ये, त्यामुळे झोपाळा रिकामा. आणि आमच्या बायकांना झोका म्हणजे पंचमीची सवय. श्रावणात चिंचेला दोर टाकून उभ्याने झोके चढवलेले. मागे नागपंचमीला आक्काने पत्र्याच्या पाटीकडे पाठ केली आणि बसली. मग दुसरी. मग रांग लागली. कुणीतरी ग्रामसेवकांकडे तक्रार नेली, की सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होतंय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला. बायका पहिल्यांदाच पुढच्या सतरंजीवर होत्या. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: बागेत दिवा, बाथरूम, आणि ती पाटी काढा. दिवा लगेच मंजूर झाला, बाथरूम पुढच्या आराखड्यात गेलं. पाटीवर बराच खल झाला. नियम आहे, जबाबदारी कुणाची, उद्या साखळी तुटली तर? आक्का उठून म्हणाली, “मग साखळीच जाड घाला.”

ग्रामसेवकांनी इतिवृत्तात तसंच लिहिलंय. विषय क्रमांक सहा: झोपाळ्यास जाड साखळी बसविणे. सूचक आणि अनुमोदक, दोन्ही महिला. ठराव सर्वानुमते मंजूर.