सातारा येथून एकदिवसीय सहल : यजमान व पाहुणे यांच्यासाठी नियमावली

साताऱ्यात स्वतःचं घर आणि पुण्या-मुंबईत भरपूर नातेवाईक, असा दुहेरी योग ज्यांच्या पत्रिकेत आहे, त्या नागरिकांच्या सोयीसाठी ही नियमावली तयार केली आहे. पाऊस जरा ओसरला की फोन येतो. 'किती दिवसांत भेट नाही' इथून बोलणं सुरू होतं आणि 'कासला फुलं आलीत म्हणे' इथे पोचतं. मधल्या मजकुराला हुंकार द्यावा आणि फक्त दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : माणसं किती आणि गाद्या किती लागतील.

सहलीचा आराखडा पाहुणे तयार करूनच आणतात. तो फॅमिली ग्रुपवर, नकाशा बोटांनी लहानमोठा करत, रात्री अकरानंतर झालेला असतो. सर्वसाधारण मसुदा असा : सकाळी सातला निघायचं, आधी सज्जनगड, मग ठोसेघरचा धबधबा, तिथून कास, जेवण बामणोलीला, येताना महाबळेश्वर आणि उतरताना वाईचा ढोल्या गणपती. सहाला घरी, मग निवांत गप्पा. हा मसुदा वाचून दाखवला जात असताना हसू नये. 'छान आहे' म्हणावं आणि पोहे भिजवायला आत जावं.

मसुद्यातला मूळ रोग 'वाटेतच आहे की' हा आहे. साताऱ्यात सहसा कुठलंच ठिकाण दुसऱ्या ठिकाणाच्या वाटेत नसतं. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून डोंगराच्या सोंडा सुटून शहराकडे येतात. एका सोंडेवर यवतेश्वर आणि पुढे कास. समोरच्या अंगाला सज्जनगड, त्याच रस्त्याने वर ठोसेघर आणि चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. या दोहोंच्या मध्ये उरमोडीचं खोरं आणि तिच्या धरणाचं पाणी. कासच्या रस्त्यावरून सज्जनगड इतका स्वच्छ दिसतो, की दाजी गाडी थांबवायला लावतात आणि म्हणतात, "हा काय, समोर तर आहे! उगाच लांब लांब म्हणत होता." समोर आहेच, दाजी. पण गाडीला पंख नाहीत. ती यवतेश्वरचा घाट उतरून पुन्हा शहराच्या बोगद्यापाशी येणार आणि तिथून नव्याने चढायला लागणार. म्हणून नियम एकच : एका दिवशी एक सोंड. या नियमाला घरात कुणीही मान्यता देणार नाही. तरी तो सांगून ठेवावा, म्हणजे संध्याकाळी 'मी म्हटलं होतं' असं म्हणता येतं.

आता निघण्याची वेळ. सातला निघायचं तर सहा सांगावं, ही जुनी युक्ती पाहुण्यांनाही ठाऊक झाल्यामुळे बाद झाली आहे. गिझर एक, माणसं नऊ, त्यात आत्यांची पूजा. पूजा संपते तेव्हा पहिल्या फळीतल्या मंडळींना दुसऱ्या चहाची वेळ झालेली असते. सगळे गाडीत बसले की एक जण चार्जर विसरला म्हणून घरात जातो. त्याला आणायला दुसरा जातो. दोघांना बोलवायला गेलेल्या वहिनींना स्वयंपाकघरात आठवतं, की दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ओट्यावरच राहिली. ड्रायव्हर या काळात गाडीची काच पुसत असतो. त्याची गाडी पुसून झाली, की साधारण साडेनऊ वाजले असं धरावं.

कासबाबत स्वतंत्र सूचना आवश्यक आहेत. पठार शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांत कास आहे. हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. 'आपला एक भाचा वनखात्यात आहे' हे वाक्य प्रवेशद्वारावर चालत नाही. ते प्रत्येक गाडीतून ऐकू येतं.

पाहुण्यांनी फोटोत जांभळा गालिचा पाहिलेला असतो आणि तो आपल्या तारखेला अंथरलेला असावा अशी त्यांची अपेक्षा असते. पठाराला ही तारीख कळवलेली नसते. तिथे आठवड्या-आठवड्याला रंग पालटतात : तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा. ज्यांना गालिचाच हवा त्यांना लॉटरीच्या तिकिटाइतकीच खात्री द्यावी. खरी मौज खाली आहे. हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. वर मातीचा पातळसा थर, कुठे तोही नाही. पाणी साचतं, मुरत नाही, आणि मातीत झाडाला खाण्याजोगं फारसं काही नसतं. म्हणून काही झाडांनी पोटापाण्याची वेगळी सोय केली आहे. दवबिंदू नावाचं इवलंसं झाड पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब धरून बसतं. सकाळच्या उन्हात ते थेंब चमकतात, चिलट भुलतं आणि तिथेच अडकतं. मग ते केस हळूहळू आत वळतात. सीतेची आसवं हे नाव ऐकून वहिनींचा गळा दाटून येतो, पण त्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या तळाशी, ओल्या मातीत, बारीक पिशव्या लावलेल्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. पोरांना हे सांगितलं की ती अर्धा तास हलत नाहीत. मोठ्या माणसांना मात्र गुडघ्यावर बसावं लागतं, आणि तेही पायवाटेवरच, फुलांत शिरून नाही. दाजी उभ्यानेच विचारतात, "अरे, फुलं कुठायत?" त्यांच्या बुटाकडे बोट दाखवावं.

टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. पाहुणे ज्या वर्षी येतात ते वर्ष सहसा ते नसतं. "मग पुढच्या बहराला नक्की येतो," असं ते म्हणतात. सात वर्षं मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

पठाराजवळच कासचा तलाव आहे. सातारा शहराला पाणी इथूनही येतं, ही माहिती सकाळी 'आम्ही बाटलीचंच पितो' म्हणणाऱ्यांना आवर्जून द्यावी.

दुसरी सोंड सज्जनगडाची. हा पूर्वीचा परळीचा किल्ला. समर्थ रामदासांनी अखेरचा काळ इथे काढला आणि 1682 मध्ये इथेच देह ठेवला. दुपारी गडावर महाप्रसाद असतो. ही गोष्ट आदल्या रात्री सहज बोलल्यासारखी बोलून ठेवावी. दुसऱ्या दिवशी आंघोळीचे नंबर आपोआप लागतात आणि चार्जर आठवणीने बॅगेत जातो. साताऱ्यातून वेळेवर निघण्याचा याहून खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही. पायऱ्या चढताना ज्यांना धाप लागते त्यांना समर्थांनी आळसाबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते तिथे सांगू नये. जेवणानंतर सांगावं, तेव्हा कुणी ऐकत नसतं.

गडानंतर ठोसेघर हे खरोखरच वाटेत आहे, आणि नेमकं हेच पाहुण्यांना खरं वाटत नाही. चढावर कुठे तरी गाडी थांबवून गुरांमागे चाललेल्या एखाद्या मामांना अंतर विचारलं जातं. "हे काय, हितंच. त्या वळणाच्या म्होरं." मामा खोटं बोलत नाहीत. कुठलं वळण ते त्यांनी सांगितलेलं नसतं, एवढंच. ऐन पावसात ठोसेघरला जाण्यात एक अडचण आहे : धबधबा जेव्हा सगळ्यात मोठा असतो तेव्हा धुकंही सगळ्यात दाट असतं. समोरच्या कड्यावरून धबधबा ऐकता येतो. मंडळी कठड्याला टेकून पांढऱ्या पडद्याचे फोटो काढतात, मग त्या पडद्यापुढे स्वतःचे काढतात, आणि घरी गेल्यावर कुणाला ते ठोसेघर आहे हे सिद्ध करता येत नाही. धुकं क्षणभर विरलं आणि ती पांढरी धार खोल दरीत पडताना दिसली, तर त्या क्षणी नेमके दाजी कणीस भाजून घ्यायला गेलेले असतात.

ज्यांच्या गुडघ्यांना घाट मानवत नाही, किंवा ज्यांच्यासोबत उलटी होणारं एक तरी मूल आहे, त्यांनी डोंगराला रामराम करून सपाटीचा रस्ता धरावा. मी स्वतः पाहुण्यांना इकडेच ढकलतो आणि त्याची मला लाज नाही. महामार्गालगत लिंब गावात बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 दरम्यान, विरूबाईंनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर नुसती मोठी अष्टकोनी विहीर. पायऱ्या उतरून दगडी दरवाजातून आत गेलं, की पाण्याच्या डोक्यावर बांधलेला छोटासा महालच लागतो : कोरीव खांब, खिडक्या, वर उघडं आकाश. बारा मोटा एकाच वेळी चालतील अशा जागा काठावर आहेत. बागायतीला पाणी आणि राजघराण्याला उन्हाळ्यात गारवा, ही दोन कामं एकाच बांधकामात. इथे पाहुणे पहिल्यांदा गप्प होतात. त्यांना गप्पच राहू द्यावं; 'पोहायला देतात का' हा प्रश्न येईपर्यंत एखादं मिनिट जातं.

तिथून वाई, आणि वाईजवळच मेणवली. कृष्णेचा घाट, नाना फडणविसांचा वाडा, आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर ज्या घंटा इकडे आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि 1707 हे साल आहे. नाना फडणविसांचं नाव काढल्यावर मागच्या सीटवर जांभया सुरू होतात. 'स्वदेस'चं शूटिंग इथेच झालं म्हटल्यावर सगळे पायऱ्यांवर. दोन्ही खरं असल्यामुळे दुसऱ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

घराजवळच थांबायचं असेल तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला जावं. तिथल्या समाध्या पाहणाऱ्यांतले निम्मे लोक खंड्याची समाधी शोधत असतात. खंड्या हा शाहू महाराजांचा कुत्रा; वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं आणि पुढे त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. आठ जणांच्या गाडीत नववा म्हणून कोंबलेल्या मनुष्याला ही कथा ऐकवू नये.

पावसाला कंटाळलेल्यांनी पूर्वेकडे जावं. महाबळेश्वरात आभाळ फाटलेलं असतं तेव्हा याच जिल्ह्यातले माण-खटाव पावसाची वाट पाहत असतात. औंधला यमाईचं दर्शन आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय, ज्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही. एवढ्याशा गावात एवढा ऐवज पाहून पाहुणे आधी चकित होतात, मग 'हे पुण्यात हवं होतं' म्हणतात. उलट दिशेचा वासोटा किल्ला हा तरण्या पोरांचा विषय : बामणोलीहून कोयनेच्या जलाशयातून होडी, जंगलाची परवानगी, आणि अंधार पडण्याआधी काठावर परत. आत्या 'मीही येते' म्हणाल्या तर बेत बदलावा. महाबळेश्वर हे शनिवार-रविवारी ठिकाण नसून वाहनतळ आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

यजमानाने सोबत जावं की नाही, यावर मतभेद आहेत. माझ्यापुढे शाहू महाराजांचा आदर्श आहे. 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पुढची चाळीस वर्षं राज्य वाढलं ते माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात. 1737 मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन आला. महाराजांचा मुक्काम बहुतेक इथेच. माणसं रवाना करावीत, खबर मागवावी, परतल्यावर यथोचित मानपान करावा. "गाडीत अडचण नको, मी थांबतो मागे," एवढंच म्हणायचं. त्यावर कुणी फार आग्रह करत नाही. मग दुपारभर आडवं व्हावं आणि चारच्या सुमारास एकदा फोन करून काळजीच्या सुरात 'कुठवर आलात?' असं विचारावं.

शेवटचं कलम कंदी पेढ्यांचं. कुठल्या दुकानातले घ्यावेत यावरून साताऱ्यातली घरं फुटलेली आहेत. यजमानाने आपलं दुकान सांगावं, कारण देऊ नये. शेजाऱ्यांसाठी किलोभर हवे असतील तर दीड किलो घ्यायला लावावेत, कारण रविवारी संध्याकाळी पुण्याकडच्या रांगेत गाडी उभी राहिली की खोका उघडला जातो. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडून फोन येतो : "अहो, पेढे संपत आलेत!" त्या ठिकाणी रस्ता एकेरी आहे आणि मागे वळता येत नाही, याची खात्री करून घ्यावी, मगच मनापासून हळहळावं.