पाचवा फाऊल

अक्का, ओ अक्का! बॉल आलाय का बघा की तुमच्याकडं. कढीपत्त्याच्या कुंडीमागं असंल. अगंबाई, कुंडीचा काठ उडालाच की! राहू द्या, दुसरी आणून देते मी. काल रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरलो तर दहा वाजून गेले होते, अन् आमची पोरगी सकाळी सहापासून भिंतीवर बॉल आपटालीय. मला काय, पाचव्या दिवशी पाणी आलंय, मोटर लावून उभीच आहे मी. तुमची टाकी भरली?

हरलो. तुम्हाला कळलंच असंल, गल्लीत आमच्या आधी बातमी पोचती. पण सेमीफायनलला हरलो, हे सांगितलं का कुणी? बास्केटबॉलच्या शालेय स्पर्धा म्हणजे जिना असतो हो. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग नॅशनल. जिल्ह्यात आपल्या पोरी पहिल्या आल्या म्हणून विभागाला पुण्याला नेलं. तिथं दुसऱ्याच पायरीवर घसरल्या.

घसरल्या म्हणजे खरोखरच. इथं सिमेंटच्या कोर्टवर, उन्हात खेळायची सवय. तिथं हॉल, खाली लाकडी फरशी, तोंड दिसावं अशी. सिमेंटवर घासून घासून बुटाचे तळ गुळगुळीत झालेले. पहिल्या पाच मिनिटांत आपल्या तीन पोरी आडव्या! समोरच्या टीमच्या पोरी काय करत होत्या सांगू? खेळ जरा थांबला की तळहात जिभेला लावायचा अन् बुटाचा तळ पुसायचा. मला आधी शिसारीच आली. मग लक्षात आलं, धूळ निघाली की बूट पकड धरतो. मग काय, बाटलीतलं पाणी ओतून ओढणी भिजवली अन् बेंचपुढं अंथरली. दुसऱ्या क्वार्टरपासनं सगळ्या पोरी तिच्यावर पाय पुसून आत. कुठली म्हणजे? तीच की, नणंदेनं दिलेली बांधणीची. तिला सांगू नका एवढं.

आता मला सगळं कळतंय बघा. 10-10 मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल हातात आला की 24 सेकंदांच्या आत रिंगकडं टाकायचाच, धरून बसायचं नाही. अन् एकीचे पाच फाऊल झाले की ती बाहेर, त्या मॅचपुरती घरी बसली म्हणून समजा. हिचे पाच झाले, अक्का. तिसरा क्वार्टर संपायच्या आत! घरात झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारी पोरगी. त्यांच्यात एक होती ताडमाड, साडेपाच फुटांच्या वरच. सरांनी हिला सांगितलं, तू फक्त तिला सोडू नकोस. हिनं नाहीच सोडलं. एकदा हात, एकदा ढुंगणाचा धक्का, एकदा तर तिच्यासकट खाली.

पंचानं टेबलाकडं पाच बोटं दाखवली अन् मी उठलेच. म्हटलं, हात तर नुसता लागला! दोघी आयांनी हात धरून बसवलं मला. मीच हसत होते हो आदल्या दिवशी, एकीचे वडील सारखं ‘पास दे, पास दे’ ओरडत होते तर. त्यांच्या लेकीनं त्यांना हाफटाइमला सांगितलं, पप्पा, तुम्ही बाहेर चहा पिऊन या.

मला वाटलं ही रडंल आता. कसलं काय! टॉवेल घेतला, बेंचवर टेकली अन् हिच्या जागी गेलेल्या पोरीला ओरडाली, “डावखुरी आहे ती, डावीकडनं धर!” मी अर्धा तास बघत होते, मला दिसलं नव्हतं ती डावखुरी आहे ते.

सासूबाईंचं वेगळंच. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बघितलं अन् म्हणाल्या, पोरीच्या पायात काहीच घातलं नाही का गं? सरांनी गाडीत एक गोष्ट सांगितली होती, ती मी त्यांना ऐकवली. अमेरिकेत 1896 मध्ये स्टॅनफर्ड अन् बर्कलीच्या कॉलेजातल्या पोरींची मॅच झाली, तेव्हा पुरुषांना बघायला आत येऊच दिलं नव्हतं. स्कोअर किती, तर 2-1! सासूबाई म्हणतात, शहाणे होते लोक. पण काल घरात पाऊल टाकलं तर पहिला प्रश्न काय? “पाचवा फाऊल खरा होता का गं?”

मॅच संपल्यावर ती ताडमाड पोरगी आमच्यातच येऊन बसली. कडक भाकरी अन् शेंगाचटणी काढली होती. डोळ्यांतनं पाणी, नाक लाल, तरी हात चटणीकडंच. तिला शिरीन लिमयेसारखं व्हायचंय म्हणे. पुण्याचीच ती, भारताची कप्तान झाली की. आमची ही तिला विचारती, “मी इतकं धरलं, लागलं नाही ना गं?” तर ती म्हणाली, “तुझं कोपर लई टोचतं. जेवत जा जरा.” अक्का, मी रोज ताटावर बसून हेच सांगते. माझं ऐकलं का कधी? काल गाडीत तीन भाकरी खाल्ल्या गपगुमान.

ह्यांचा फोन आला तो हिशेबाचा. दहावीला खेळाचे मार्क मिळतील का, नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा असतात, सर्टिफिकेट जपून ठेव. ठेवलंय की, चादरीच्या घडीत घालून आणलंय, सुरकुती नाही. पण आधी बुटांचं बघा म्हटलं तर फोनला रेंजच नाही!

म्हणून म्हणत होते, अक्का... ह्या महिन्याची भिशी कुणाला लागलीय? नाही, चिठ्ठी काढली नसंल अजून तर माझ्या नावावर करता येती का बघा. त्या कोपऱ्यावरच्या वहिनींना दिवाळीला हवी होती ना, त्या थांबतील. तळाला खाचा असलेले बूट महाग असतात हो, अन् हिचा पाय थांबायचं नाव घेत नाही. तुम्ही बोललात तर कुणी नाही म्हणणार नाही.

अगंबाई, वाहाली टाकी! थांबा, मोटर बंद करते.

हां, झालं. द्या आता बॉल. अहो भिता कशाला, मुलींचा 6 नंबरचा आहे, पोरांच्यापेक्षा लहान असतो. असा नाही, डोक्यावरनं नको, तारेवरचे कपडे पडतील. दोन्ही हातांत धरा, छातीपाशी. आता सरळ ढकला पुढं... आत्ता! याला चेस्ट पास म्हणतात, अक्का.