विसरभोळं कार्ड

घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात. ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करणारे त्यांचेच वंशज म्हणायचे. फरक एवढाच, की घड्याळवाला एकदा काटा फिरवून मोकळा होतो. कार्डवाल्यानं रात्र जागून शंभर मेगाहर्ट्झ वाढवावेत, गेममध्ये साठाच्या जागी त्रेसष्ट फ्रेम बघून कृतार्थ व्हावं, आणि सकाळी बघावं तर स्वारी पुन्हा मूळ वेगावर! वाढवलेला वेग ड्रायव्हरच्या कानात सांगितलेला असतो, कार्डावर कोरलेला नसतो.

कोरायचाच असेल तर कार्डाचा बायोस बदलता येतो. त्यात गफलत झाली तर पडदा काळा, आणि वॉरंटीचा कागदही मग फारसा कामाचा राहत नाही. तीन फ्रेमसाठी एवढं धाडस करणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

बाकीची मंडळी बहुधा एमएसआय आफ्टरबर्नर वापरतात. पाचांपैकी एका प्रोफाइलमध्ये आकडे साठवायचे, ‘विंडोज सुरू होताना हे लाव’ असं सांगणारं बटण दाबायचं, की झालं. इतकं बिनबोभाट चालणाऱ्या प्रोग्रॅममागे एखादा अख्खा विभाग राबत असेल असं वाटतं. तो लिहिला आहे मुख्यतः एका माणसानं, रशियातल्या अलेक्सी निकोलाइचुक यांनी. त्याआधीचा रिवाट्यूनरही त्यांचाच. २०२३च्या जानेवारीत त्यांनी सांगितलं, की जवळजवळ वर्षभर मानधन मिळालेलं नाही, प्रकल्प बहुधा संपल्यात जमा आहे. युक्रेनमधल्या युद्धानंतर रशियात पैसे पोचवणंच अडून बसलं होतं. पुढे काम सुरू राहिलं, पण आपल्या टेबलाखालच्या तीन फ्रेमचा धागा कुठल्या कुठे जाऊन पोचला होता, हे तेव्हा कळलं.

तसं पाहिलं तर कार्ड आताशा स्वतःच हात-पाय पसरतं. एनव्हिडियानं २०१२मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड तापमान आणि वॉट बघून आपला वेग आपणच वरखाली करतं. आपण वाढवलेले शंभर त्या हलत्या आकड्यावर जाऊन बसतात. म्हणूनच पुण्यात जानेवारीच्या रात्री सुरळीत चाललेलं सेटिंग नागपुरात मे महिन्याच्या दुपारी टिकेलच याची हमी कोणी देऊ नये. आणि टिकलं नाही तर? विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं, मग ड्रायव्हरला बखोट धरून पुन्हा उभं करतं. कधी सगळं मशीनच गोठतं. अशा वेळी इमानेइतबारे तेच आकडे पुन्हा लावणारा प्रोग्रॅम आणखी गोत्यात आणतो: सुरू झालं, गोठलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. शेवटी सेफ मोडमध्ये शिरून त्याला आवरावं लागतं.

एएमडीची रीत वेगळी. मशीन अनपेक्षितपणे बंद पडलं, की त्यांचं सॉफ्टवेअर पुढच्या वेळी सगळे आकडे पुसून मूळ सेटिंग लावतं आणि तसं नम्रपणे कळवतंही. लोक यावर वैतागतात. मला मात्र हीच रीत शहाणपणाची वाटते. चटका बसल्यावर हात मागे घेणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा.

अडचण एकच. मशीन आपल्या करणीनं पडलं की गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला, हे त्या सॉफ्टवेअरला कळत नाही. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा सारखीच. त्यामुळे पावसाळ्यात आपल्या गावी ओव्हरक्लॉक टिकवायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे यूपीएस, असं माझं मत झालं आहे. पण दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटचा भार पेलतो. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटी कार्ड मूळ सेटिंगवर एकटंच ३०० वॉटपर्यंत खातं. वर आपले शंभर मेगाहर्ट्झ, प्रोसेसर आणि मॉनिटर. म्हणजे गेम ऐन रंगात असताना वीज जाणार, यूपीएस जिवाच्या आकांतानं ओरडून डोळे मिटणार, आणि मशीन सुरू झाल्यावर तोच नम्र निरोप: अनपेक्षितपणे बंद पडल्यामुळे मूळ सेटिंग लावलं आहे.