मांडीवरचा प्रवासी

मनुष्यास समुद्राची ओढ का लागते याविषयी कवींनी पुष्कळ लिहून ठेवले असले, तरी पिंपरी-चिंचवडातील रहाटणी, काळेवाडी आणि पिंपळे सौदागर या मुलखात ती ओढ नेमकी केव्हा लागते, याचा खुलासा काव्यात नसून विमान कंपन्यांच्या भाडेपत्रकात आहे. दोन वर्षे पूर्ण न झालेल्या बालकास नाममात्र आकार घेऊन आईबापांच्या मांडीवर बसण्याची मुभा असते; दुसरा वाढदिवस उलटताच तेच बालक स्वतंत्र आसनाचे व त्याबरोबर येणाऱ्या भाड्याचे धनी होते. यास्तव एरवी सिंहगडाचा बेतही ट्रॅफिकच्या भयाने रद्द करणारी कुटुंबे, मुलाला तेविसावा महिना लागला की, एकाएकी द्वीपांतरास सिद्ध होतात. आमच्या घरीही हाच शिरस्ता पाळला गेला. बाळाला समुद्र दाखवलाच पाहिजे, असा ठराव चिरंजीव व सूनबाई यांनी एकमताने मंजूर केला. ज्याच्या नावे ठराव होता, त्याचे मत घेण्याची तजवीज त्यात नव्हती. आजवर लसीकरणाच्या कार्डाखाली निपचित पडलेला महापालिकेचा जन्मदाखला मात्र घरातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज ठरून सूनबाईंच्या पर्समध्ये विराजमान झाला.

समुद्र काय, अलिबागलाही आहे, असे आमच्या सौ.नी सुचवून पाहिले. परंतु अलिबागला आपल्या मोटारीने जावे लागते आणि मोटारीत मांडी मुळातच फुकट असल्याने तीत बचतीचा आनंद नाही, हा युक्तिवाद बिनतोड ठरला आणि अंदमान मुक्रर झाले. पूर्वी सरकार ज्या काळ्या पाण्यावर स्वतःच्या खर्चाने धाडीत असे, तेथे हल्ली लोक मासिक हप्ते बांधून जातात. मेतकूट, नाचणीचे सत्त्व, तुपाची बरणी, भाताचा विजेचा कुकर, थर्मामीटर, डायपरांचे गठ्ठे आणि हवा भरण्याचे एक पिवळे बदक असा, वऱ्हाडाने खाली मान घालावी इतका लवाजमा घेऊन आम्ही पहाटे लोहगावच्या विमानतळावर हजर झालो.

तेथे पोहोचल्यावर भूगोल आडवा आला. रहाटणी पूर्व रेखांशाच्या चौऱ्याहत्तराव्या अंशाजवळ आणि अंदमान त्र्याण्णवाव्या अंशाच्या आसपास. अंशामागे चार मिनिटे धरली तर तेथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो, पण घड्याळ मात्र सरकारी हुकुमाने एकच. मोठी माणसे घड्याळाची रयत असतात, बालके सूर्याची. परिणामी घरी साडेसहाला उठणारे आमचे नातवंड सव्वापाचला पलंगाच्या मधोमध उभे राहून ‘आबा, ऊठ!’ असे फर्मान सोडू लागले. संध्याकाळी पाच-सव्वापाचला, म्हणजे त्याच्या ऐन झोपेच्या वेळी, सूर्य मावळत असल्याने सूर्यास्ताच्या प्रत्येक छायाचित्रात अग्रभागी एक रडणारे तोंड आहे.

जेवणाचा प्रश्न याहून गहन होता. मोबाइलवर गाणे लागल्याखेरीज आमचा नातू घास गिळत नाही. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून अंदमानापर्यंत समुद्रतळावरून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल कार्यान्वित झाली, तेव्हा व्यापार, शिक्षण आणि आरोग्य यांच्या उत्कर्षाची भाषा झाली. वरणभाताचा उल्लेख कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वस्तुतः बंगालच्या उपसागराच्या तळाशी एवढा प्रचंड उद्योग झाला नसता, तर आमचे वंशसातत्य धोक्यात आले असते.

अखेर समुद्र. पूर्वीचे हॅवलॉक, २०१८ पासूनचे स्वराजद्वीप, तेथील राधानगरचा किनारा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या गावाचे हे नाव असून सरकारदप्तरी किनाऱ्यांना क्रमांक असल्याने यास सात नंबर म्हणतात. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्कृष्ट किनारा म्हणून त्याचा गौरव केला होता. चिरंजीवांनी मोबाइल सज्ज केला, सूनबाईंनी बाळाला वाळूवर उभे केले, आणि समोरून फेसाळत आलेली लाट पायांवरून जाताच त्या बालकाने माझ्याकडे वळून, भयाने नव्हे तर कर्तव्यबुद्धीने, आरोळी ठोकली, ‘आबा, मोताल बंद कल!’ पिंपरी-चिंचवडात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. टाकी भरून पाणी वाहू लागले की सोसायटीत जो हाहाकार उडतो, तो ऐकतच हे मूल वाढले आहे. समोरचा अथांग सागर म्हणजे कोणा बेजबाबदार चेअरमनने चालू ठेवलेला पंप होय, असे त्याने ताडले आणि मोटार कोणीच बंद करीत नाही म्हटल्यावर तो निषेधार्थ समुद्राकडे पाठ करून बसला. मग त्याने प्लास्टिकच्या पेल्याने वाळू उपसण्यास आरंभ केला. हेच कार्य तो शेजारच्या अर्धवट इमारतीसमोरील ढिगावर करतो, तेव्हा ‘शी, घाण!’ म्हणून त्याला उचलून नेतात; येथे त्यास बालविकास म्हणतात, एवढाच फरक.

सेल्युलर जेल पाहण्याचा आग्रह आमचा होता. १९११ च्या जुलैत सावरकरांना जेथे आणले, त्या कोठडीपुढे आम्ही हात जोडून उभे असताना नातवाचे लक्ष दाराच्या कडीवर होते. आतल्या बंदिवानाचा हात पोहोचू नये म्हणून तिचा अडसर दारापासून दूर, भिंतीतल्या खोबणीत नेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने योजलेली ही युक्ती बाहेरील बालकावरही तितकीच गुणकारी ठरली आणि त्याच्या आक्रोशाने गाइडचे व्याख्यान मध्येच तहकूब झाले.

परतल्यावर शेजाऱ्यांनी, ‘अंदमानला काय पाहिलंस रे?’ असे विचारले असता त्याने पूर्ण विचारांती ‘लिप्त’ असे उत्तर दिले. हॉटेलातील लिफ्टमध्ये दिवे असलेली बटणे होती, हे खरे.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी दुसरा वाढदिवस जवळ आला असेल, त्यांनी घाबरून जाऊ नये. मालवणलाही समुद्र आहे, समुद्रात बेट आहे, बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग आहे, त्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि एस.टी.त पाच वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाही.