गडग्यापलीकडचा पाव

"काय गं, काल रात्री चिकूवाल्यांकडून जळल्याचा वास आला का तुला?"

काकूंची सकाळ अशी सुरू होते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे. पलीकडे काकू परडीत जास्वंदी काढत असतात, अलीकडे मी दोरीवर कपडे वाळत घालते. कुडाळात पेपर यायला साडेसात होतात. काकू त्याच्या आधी छापून तयार.

"जळल्याचा नव्हे काकू, पावाचा. त्यांची नवी सून घरी कणकेचा पाव करते."

"करते कुठे, करायला बघते. सासूनं मला तुकडा दाखवायला आणला होता. दाखवायला म्हणते, कारण तो चावायची सोय नव्हती. बाहेरून वरवंटा आणि आतून कच्चा गोळा."

"सासूनं मुद्दाम आणून दाखवला?"

"आनंदानं गं! पदराखाली झाकून आणला. बाईनं जाऊन देवाला साखर ठेवली असेल."

काकू हायस्कूलात विज्ञान शिकवायच्या. माहेर म्हापशाचं. त्यामुळे पाव आणि प्रयोग या दोन्ही विषयांवर त्यांना कोणी अडवत नाही. मी बादली खाली ठेवली.

"खपलीचं पीठ वापरलं म्हणे तिनं. पौष्टिक म्हणून."

"तिथंच गाडं अडलं. खपलीची लापशी कर, खीर कर, गोड लागते. पण तिच्यातलं ग्लूटेन दुबळं. पाव फुगतो कसा? यीस्ट गॅस सोडतं, तो कणकेत कोंडून राहतो म्हणून. कोंडायला भिंत नको का मजबूत? खपलीची भिंत वाऱ्यानं पडते. आणि बन्सीही नको. तिच्यात प्रथिनं भरपूर, पण ताण सोसत नाही. आपला रोजचा पोळीचा लोकवन बरा, सिहोरकडचा शरबती मिळाला तर आणखी बरा."

"पण क्लासवाल्या बाई सांगतात की नुसत्या कणकेचा पाव होतच नाही. निम्मा मैदा घालायचाच."

"सांगणारच. हजाराची फी घेतलीय, पाव फुगायला नको? मैदा घालून कोणीही फुगवेल. आणि वर नाव काय देते, तर गव्हाचा पाव! मैदा काय नाचणीचा असतो?"

यावर आम्ही दोघी मनसोक्त हसलो. क्लासवाल्या बाईंचं घर चार घरं टाकून आहे, म्हणून जरा दबकून.

"मग कणकेचा पाव दगड का होतो, काकू?"

"कारण आपण जन्मभर पोळ्या लाटल्या. पोळीची कणीक कशी लागते, ते हाताला पाठ आहे. हाताला चिकटली की पीठ लाव, चिकटली की पीठ लाव! पावाच्या कणकेला असं पीठ लावत गेलं की ती घट्ट होते, आणि घट्ट कणीक वर कशी येणार? त्यात हे गिरणीचं पीठ. जात्याच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च भरडला जातो, शिवाय कोंडा अख्खा आत. दोघंही पाणी पितात. मैद्याच्या पाककृतीतलं पाणी इथं पुरतच नाही. अर्धा किलो कणकेला मी पावणेचारशे मिलीपासून चारशेपर्यंत पाणी घालते. आधी वाटतं, घावनाचं पीठ झालं. होऊ दे. झाकायचं आणि पाऊण तास तिकडे बघायचं नाही."

"यीस्ट, मीठ?"

"ते नंतर. आधी नुसतं पीठ-पाणी. तेवढ्यात कोंडा मऊ पडतो. कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात, ताणलेले धागे तेच कापतात. मी तर जाड कोंडा चाळून काढते, वाटीभर कढत पाण्यात भिजवते, निवला की परत त्याच कणकेत. ते पाणी मात्र मापातलंच हं, वरचं नव्हे. मग चमचाभर इन्स्टंट यीस्ट, नऊ-दहा ग्रॅम मीठ, थोडा गूळ, थोडं तेल. हात पाण्यात बुडवायचे, पिठात नाही. मळायची तरी कशाला एवढी? अर्ध्या अर्ध्या तासानं चारी बाजूंनी ओढून घडी घालायची. दोन-तीन वेळा केलं की तीच चिकट कणीक गुळगुळीत होते."

बोलता बोलता काकूंनी हातातल्या जास्वंदीच्या पानाची घडी घालून दाखवली.

"चिकूवालीनं म्हणे दुपारी भिजवून रात्री भाजला. दुप्पट व्हायची वाट बघत होती."

"चैत्रात? भर दुपारी? गिरणीतून आलेलं दळण तरी निववलं होतं का, विचार. कणकेत यीस्ट मैद्यापेक्षा झपाट्यानं चालतं आणि इथं पारा चौतिसावर. तासाभरात फुगून, दमून, खाली बसली असणार. आंबूस वास आला म्हणजे समजायचं, वेळ गेली. डब्यात घातल्यावर दीडपट झाली की ओव्हनमध्ये सारायची, दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही. थंडीत गोष्ट वेगळी."

"आणि मध्येच लाईट गेली त्यांची."

"अगं हो! तो तर विनोदच. पाव आत, लाईट नाही, सासू दारात आणि सून ओव्हनच्या काचेला डोळे लावून. लाईट आली तेव्हा तापमान वाढवलं तिनं, भरपाई म्हणून. म्हणून वरून काळा. खरं तर दोनशेवर चाळीस मिनिटं ठेवायचा, दोन्ही कॉइल चालू. काढला की उलटा करून बुडावर टिचकी मारायची, पोकळ वाजला पाहिजे. आणि निवायच्या आधी कापायचा नाही. गरम कापला की आत चिकट लागतो, मग म्हणतात कच्चा राहिला. तुझ्या नवऱ्याला सांग हे. परवा माझ्या ओट्याभोवती सुरी घेऊन फिरत होता."

तो विषय मी पुढे नेला नाही.

"पाटबंधारेवाले भाऊ तर ब्राऊन ब्रेडशिवाय खात नाहीत. साखर आहे ना त्यांना."

"त्यांना मी पाकीट वाचायला लावलं. जो घटक जास्त, तो यादीत आधी लिहितात. पहिला कोण? मैदा. आणि खाली रंग एकशे पन्नास, म्हणजे कॅरॅमल. चेहरा बघण्यासारखा झाला. सगळीच पाकिटं तशी नसतात, पण वाचायला काय जातं? २०१६ साली दिल्लीच्या सीएसई या संस्थेनं पावांत पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन सापडल्याचं सांगितलं, त्याच वर्षी त्याच्यावर बंदी आली. तेव्हाही हे भाऊ म्हणत होते की ब्राऊनमध्ये काही नसतं."

"म्हणजे घरचाच खावा त्यांनी."

"खावा, पण मोजून. बारीक दळलेल्या कणकेचा पावही साखर चढवतोच. पीठ तेच, पोळी काय आणि पाव काय. पाव केला म्हणून पुण्य वाढत नाही गं. चवीसाठी करायचा. माझ्या माहेरी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर यायचा, भोंगा वाजवत. त्याच्याकडची पोई मी अजून विसरले नाही. बाहेरून कोंडा लावलेला, आत पोकळ. जुने लोक सूर, म्हणजे माडी, घालून आंबवायचे, आता बहुतेक यीस्टच. आणि मैदा तिच्यातही असतो, उगीच खोटं कशाला सांगू. पण तिला कोणी विचारलं नाही, तू पांढऱ्या पावाएवढी का फुगत नाहीस."

तेवढ्यात चिकूवाल्यांची सून फाटकाशी आली. आम्ही दोघींनी लगेच जास्वंदीचा विषय काढला. ती थांबली, हसली आणि म्हणाली, "काकू, आज संध्याकाळी परत करणार आहे. तुम्ही याल का बघायला?"

"येईन की," काकू म्हणाल्या. "कणीक मात्र आत्ताच भिजवू नकोस. ऊन उतरल्यावर आपण दोघी मिळून भिजवू. लोकवन आहे ना घरात? नसेल तर माझ्याकडून ने."

ती गेली. मी काकूंकडे पाहिलं.

"बघतेस काय? सासूच्या तोंडावर चांगला पाव ठेवला पाहिजे एकदा. आणि तुझ्याकडे यीस्टचं पाकीट आहे ना फोडलेलं? दे इकडे. तुझ्या कपाटात उघडं राहून मरायचं ते. घट्ट डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवलं तर महिनोन् महिने चालतं. आधी चमचाभर कोमट पाण्यात घालून बघते, फेसाळलं तरच संध्याकाळी नेईन. नाहीतर सासू म्हणेल, दोघींनी मिळून दगड केला."