दीड हेलकावा

परवाच्या लग्नात बापूंनी नवरदेवाची गाडी दाबली.

कार्यालयाच्या दारात गाडी उभी. बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या काचेवर थर्माकोलात कापलेली दोघांची नावं. आणि बापू झब्ब्याच्या बाह्या सारून डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे रोवून उभे, सासऱ्याचे पाय चेपावेत तसे. दाबलं, सोडलं, मान कलती करून बघत राहिले. माळ खाली आली, करवली किंचाळली. बापू माझ्याकडे वळून म्हणाले, "अडीच. शॉकअप गेलेत. मुलाकडचे वरवरचे दिसतायत."

तुमच्या बिल्डिंगमध्येही असा एक असणारच. मिक्सरचं भांडं घ्यायचं तरी 'अभ्यास चालू आहे' म्हणणारा. त्याच्यामुळे दुकानदार लवकर शटर ओढतात आणि घरातली माणसं परस्पर खरेदी उरकून पावती लपवतात. आमचे बापू त्या जातीतले, पण त्यांचा विषय एकच: गाडी दाबणे. कोपरा दाबून सोडला की गाडीने वर यावं आणि गप जागेवर बसावं. एक हेलकावा उत्तम, दीड चालेल, दोनच्या पुढे शॉकअप मेलेला. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. मार्क दिल्याशिवाय त्यांना गाडीजवळून जाताच येत नाही. सकाळी फिरायला निघाले की सोसायटीतले अलार्म एकामागून एक बोंबलतात. त्यावर पहिला मजला दूध तापवायला ठेवतो.

मी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी ती चारही कोपऱ्यांवर दाबली. "आत्ता काय कळणार? ऐंशी हजार किलोमीटर होऊ दे, मग बोलू." पेढा मात्र अर्धाच खाल्ला, उरलेल्याचाही बहुधा अभ्यास करायचा होता.

आणि वैकुंठ स्मशानभूमीत जायच्या दिवशी काय केलं ते सांगू नये, पण सांगतो. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले. शववाहिनी आली, बायका रडतायत, बापू डोळे पुसत पुढे झाले, मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून वाकले. ड्रायव्हरला वाटलं म्हातारा कोसळतोय, त्याने कमरेत धरलं. बापू त्याच्या मिठीत असतानाच म्हणाले, "एक! चांगली ठेवलीय हो तुम्ही."

स्वतःच्या गाडीची गोष्ट वेगळी. ती 2005 सालची इंडिगो मरिना, डिझेल. टाटांनी 2004 मध्ये काढलेली स्टेशनवॅगन, आपल्या पिंपरीचीच. मागे लांबलचक छप्पर आणि पूर्ण उघडणारं दार. आपल्या लोकांना ही जात कधी पटली नाही. 1992 ची टाटा इस्टेट झाली, मारुतीची बलेनो अल्टुरा झाली. प्रत्येकीला लोकांनी एकदा मागून पाहिलं आणि 'ॲम्ब्युलन्स वाटते' म्हणून सोडून दिलं. आपल्याला डिकी शेपटीसारखी बाहेर आलेली लागते, नाहीतर मग ट्रॅक्टरएवढी उंच जीप. बापूंनी मात्र पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, पर्यावरण कर भरून मरिना ठेवली. काकू म्हणतात, "माझी बीपीची गोळी विसरतील, हिचं ऑइल नाही."

तर गेल्या पावसाळ्यानंतर ही मरिना दाबल्यावर तीन हेलकावे देऊ लागली. शिवाय मागून बसली. बापू तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

कुणीही सांगितलं असतं, शॉकअप बदला. मीही तेच म्हणालो आणि सापडलो. पार्किंगमध्ये मला पाऊण तास उभं केलं. "अरे, गाडी बसली तर दोष स्प्रिंगचा, गाडी नाचली तर शॉकअपचा. वजन उचलतो कोण? स्प्रिंग. शॉकअप फक्त तिला आवर म्हणतो. आणि आपल्याकडे स्प्रिंग शॉकअपच्या नळ्याभोवतीच, त्याला म्हणतात स्ट्रट. मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता, त्याची ही करामत. इंडिगोला मागेसुद्धा स्ट्रट आहे! इंडिकाचं मागचं सामान इथे लागत नाही, तरी लोक घेऊन येतात." लोकांच्या या अधःपतनाने ते इतके व्याकूळ झाले की शेजारची स्कूटर दाबून बघितली.

मग सुरू झाली निवड. पाच महिने. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्लीत त्यांचं येणं-जाणं इतकं वाढलं की एका दुकानात त्यांच्यासाठी स्टूल काढून ठेवलं होतं. पुढे ते आत नेलं गेलं. बापूंचा पहिला प्रश्न, "तार किती मिलिमीटरची? वेढे किती? मोकळी उंची?" पोरगा म्हणायचा, "काका, गाडी कुठली ते बोला ना." एकाने सांगितलं, सेडानची आणि मरिनाची स्प्रिंग एकच. शेजारच्याने सांगितलं, वेगळी. तिसऱ्याने सांगितलं, दोन्ही नाहीत, पण कडक देतो, आयुष्यभर बसणार नाही. इथे बापूंच्यातला निदेशक जागा झाला. खिशातून व्हर्निअर काढला. "बारा मिलिमीटरच्या जागी तेराची तार घातलीस, तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग अडतीस टक्के कडक होते. चौथा घात आहे तो! माझ्या मणक्याचं काय?" काउंटरवरच्या माणसाने गल्ल्याला कुलूप लावलं.

रविवारी जुना बाजार. तिथे एका ताडपत्रीवर मरिनाच्या स्प्रिंगची जोडी मिळाली, म्हणजे विकणारा जोडी म्हणाला. बापूंनी दोन्ही शेजारी उभ्या करून डोळा बारीक केला. एक बोटभर बुटकी. "ही लग्नं अशीच लावतात," म्हणाले आणि उठले. वेढ्यांमध्ये रबराचे बफर दाबून गाडी उचलायचा सल्ला आमच्या गॅरेजवाल्याने दिला, तेव्हा दोन आठवडे त्याच्याशी अबोला. स्प्रिंगला कुबड्या देणं त्यांना मंजूर नव्हतं. घ्यायच्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम, वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचा बूट नवा, आणि मग अलाइनमेंट. यादी तयार होती. फक्त खरेदी नव्हती.

मधल्या काळात त्यांनी दोष कुणाचा हेही शोधलं. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर टेपने मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोल गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे गाडी त्यावर चढते आणि उतरते. आमचा सतरा सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद. त्याच्यावर गाडी आपटते. भर दुपारी रस्त्यात उकिडवे बसून बापू टेप धरून आणि मी मागे हात दाखवून रिक्षा थांबवतोय. रिक्षावाल्याने मला काय म्हटलं ते लिहीत नाही. रिक्षा थांबली होती, त्यामुळे बापूंनी ती दाबलीच.

शेवटी मी चिडलो. म्हटलं, "बापू, इतका अभ्यास झाला, एक कागद दाखवा, मी ऑर्डर देतो." त्यांनी वही हातात ठेवली. पुढच्या पानांवर तार, वेढे, भाव. मागून उघडली तर वेगळंच निघालं. बापूंच्या सुबक अक्षरात, वजनासकट, वीस वर्षांचा हिशेब.

मे 2008, देवगड, आंबे, 22 पेट्या. जून 2009, दुसरा मजला, लोखंडी कपाट, 85 किलो. दर भाद्रपदात सोसायटीचा गणपती, उंची वाढत गेलेली. 2013, पहिला मजला, आजोबांची पुस्तकं, वाचनालयाला, दोन फेऱ्या. गव्हाची पोती, शिलाई मशीन, कुणाच्या मुलीचा रुखवत, कुणाचा मोडलेला सोफा. मग एप्रिल 2021, रात्री 2.10, तिसरा मजला, ऑक्सिजन सिलिंडर 2.

तिसरा मजला म्हणजे आम्ही. खालची ओळ: परत, दुसऱ्या दिवशी, सिलिंडर 2, पैकी 1 भरलेला.

माझे वडील त्या पहाटे गेले. सिलिंडर परत कुणी नेले हे मी कधी विचारलंही नव्हतं.

बापू टायरकडे बघत होते. "मागची डावी बाजू दोन सेंटिमीटर जास्त बसलीय," म्हणाले. "रस्त्याच्या कडेला लावून भरता, सगळं डावीकडे रचता. किती वेळा सांगितलं, मधोमध ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि बापूंना एकही प्रश्न विचारू न देता मागचा पूर्ण सेट घेतला. तार तेवढी त्यांनी मोजली; बरोबर निघाली, त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. गॅरेजमध्ये स्प्रिंग शिकंज्यात आवळताना त्यांनी सगळ्यांना दहा फूट मागे सरकवलं. ती निसटली तर जबडा नेते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के पिळायला लावले. मग दाबून बघितलं. एक. पुन्हा दाबलं. एक.

अडचण आता निराळीच आहे. नव्या स्प्रिंगमुळे गाडी मागून उंच दिसते, मांजरीने शेपूट उभारावी तशी. "बसायला वेळ लागेल, वजन पाहिजे," असं म्हणत बापू रोज संध्याकाळी फाटकाशी उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, काही न्यायचंय का. कुणाला काही न्यायचं नसतं. हल्ली सगळे फोनवरून टेम्पो मागवतात.

तेव्हा कर्वेनगर-कोथरूड भागात कुणाकडे कपाट, पोती, पुस्तकं, काहीही हलवायचं असेल तर जरूर कळवा. पैसे घेत नाहीत. तुमची स्वतःची गाडी दारात असेल तर ती दाबतील, तेवढं चालवून घ्या. आणि सामान मधोमध ठेवा.